एकशेवीसातले अकरा हप्ते : न्यू जर्सीतल्या एका स्टुडंट लोनचं प्रकरण

नाव बदललंय, थोडे तपशील फिरवलेत, बाकी जसं घडलं तसं. मी वकील नाही, सीपीए (म्हणजे इकडचे टॅक्स भरून देणारे हिशोबनीस) पण नाही. एका कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात बरीच वर्षं बसतेय आणि मंडळातल्या पोरी कागद घेऊन घरी येतात, एवढाच माझा अधिकार. जिचं हे कर्ज, त्या स्वातीने लिहायला हरकत घेतली नाही, उलट म्हणाली ताई लिहा, माझ्यासारखे बरेच अडकलेत.

पार्श्वभूमी

स्वाती लहानपणी आईबाबांबरोबर इकडे आली, ग्रीन कार्ड शाळेत असतानाच झालं, त्यामुळे फेडरल लोन मिळण्यात अडचण नव्हती (एच-वन, एफ-वन वाल्यांना हे लोन मिळत नाही, हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच). बीएसचा खर्च बाबांनी घरातून केला. ऑक्युपेशनल थेरपीच्या मास्टर्सला मात्र २०१२ ते २०१४ मध्ये ८६,००० डॉलरचं कर्ज झालं. पहिल्या वर्षीच्या लोनवर ६.८ टक्के आणि ग्रॅड प्लसवर (मास्टर्सवाल्यांना वरच्या खर्चासाठी मिळणारं फेडरल लोन) ७.९, दुसऱ्या वर्षी दर जरा उतरले. मे २०१४ ला डिग्री, सप्टेंबरला एका नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलमध्ये नोकरी, डिसेंबरपासून हप्ते.

नोकरी लागली तेव्हाच कुणीतरी तिला पीएसएलएफबद्दल, म्हणजे पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेसबद्दल सांगितलं. २००७ चा कायदा आहे, बुश असताना झालेला. सरकारी किंवा ५०१(सी)(३), म्हणजे टॅक्समधून सूट असलेल्या नॉन-प्रॉफिट संस्थेत आठवड्याला ३० तास तरी काम करायचं, डायरेक्ट लोन (थेट फेडरल सरकारने दिलेलं) असायला हवं, उत्पन्नावर आधारित प्लॅनमध्ये किंवा दहा वर्षांच्या स्टँडर्ड प्लॅनमध्ये १२० हप्ते भरायचे, उरलेलं कर्ज माफ आणि त्या माफीवर फेडरल टॅक्स नाही. हप्ते सलग असायची गरज नाही, मोजणी थांबली तरी शून्यावर जात नाही. शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच आहे.

तिच्या बाबांना हे कधी पटलंच नाही. ते मूळचे सातारकडचे, २०१७ ची कर्जमाफी आणि मग २०१९ ची, दोन्ही त्यांनी भावाच्या शेतावरून जवळून पाहिलेली. त्यांचं म्हणणं एकच, "अगं घोषणा होते, पेपरात फोटो येतो, आणि तुझा काका अजून सोसायटीत खेपा घालतोय. सातबारा कोरा झाल्याशिवाय माफी झाली म्हणायचं नाही." तसं बघितलं तर हे वाक्य अमेरिकेला पण चपखल बसतं. २०१८ ला पीएसएलएफचे पहिले आकडे बाहेर आले तेव्हा २८,००० च्या आसपास अर्ज होते आणि माफी झाली होती ९६ लोकांना. हजारांना नाही, ९६ माणसांना. स्वाती तेव्हा चौथ्या वर्षात होती, रडवेली झाली होती.

नंतर नियम सैल झाले, मोजणी सुधारली, २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत दहा लाखांवर लोकांची माफी झाली. कोविडमध्ये मार्च २०२० पासून हप्ते बंद होते ते ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाले, आणि ती साडेतीन वर्षं शून्य डॉलर भरून सुद्धा मोजणीत धरली गेली, कारण ती नोकरीत होती. मधे २०१७ मध्ये सात महिने एका खासगी रिहॅब क्लिनिकला गेली होती, पगार जास्त होता, ते सात महिने मोजणीतून गेले. जुलै २०२४ अखेर तिची मोजणी १०९. अकरा बाकी. शिल्लक कर्ज ९४,००० डॉलर, म्हणजे घेतलं त्याहून जास्त, कारण सुरुवातीच्या पगारावरचा हप्ता व्याजाला पण पुरत नव्हता.

अडचण कशी झाली

ती आधी उत्पन्नावर आधारित पे नावाच्या प्लॅनमध्ये होती, २०२३ च्या शरद ऋतूत सेव्ह नावाच्या तशाच दुसऱ्या प्लॅनमध्ये गेली. सेव्ह नवीन होता, गरिबीरेषेच्या सव्वादोन पट उत्पन्न बाजूला ठेवून उरलेल्यावर हप्ता लागायचा (पे मध्ये दीड पट). तिचं उत्पन्न ७२,००० होतं, पे मध्ये हप्ता ३५३ आला असता, सेव्हमध्ये २३० आला. महिन्याला १२३ डॉलर वाचले. तेव्हा मला विचारलं असतं तर मी पण जा म्हणाले असते, खोटं कशाला बोलू. आमच्या ऑफिसात आम्ही सगळ्यांना तेच सांगत होतो.

२०२४ च्या वसंतात काही राज्यांनी सेव्हविरुद्ध दावे लावले, एक कॅन्सासमधून, एक मिसूरीतून. जूनमध्ये अर्धवट स्थगिती, १८ जुलैला आठव्या सर्किट कोर्टाने (हे फेडरल अपील कोर्ट) अख्खा प्लॅन थांबवला. सेव्हमधल्या सगळ्यांना फॉरबेअरन्समध्ये टाकलं, म्हणजे हप्ता नाही, व्याज नाही, पण पीएसएलएफची मोजणीही नाही.

बऱ्याच लोकांना हे सुट्टीसारखं वाटलं. स्वातीला पण पहिले दोन महिने वाटलं. घरात बाळ, डेकेअरचं बिल, हप्ता बंद झाला तर बरंच झालं ना. सरकारी साइटवरच्या हप्ते मोजणाऱ्या ट्रॅकरवर १०९ चा आकडा हलत नाहीये हे तिच्या लक्षात सप्टेंबरात आलं, आणि तेव्हा ती माझ्याकडे आली.

लोक इथे दोन गोष्टींची गल्लत करतात. बायडनची ती १०,००० आणि २०,००० वाली सरसकट माफी ३० जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीनने रद्द केली, ती वेगळी. सेव्ह कोर्टात अडकला, तो वेगळा. पीएसएलएफ या दोन्हीत नाही, तो संसदेने केलेल्या कायद्यात आहे, सरकार बदललं म्हणून तो पुसता येत नाही, संसदेलाच पुसावा लागेल. टीव्हीवर तिन्हीला एकच नाव, लोन फर्गिव्हनेस. मराठीत आपणही कर्जमाफीच म्हणतो आणि तिथेच डोक्यात गोंधळ होतो. स्वातीने दहा वर्षं कमी पगारावर काम केलंय त्या बदल्यात हे मिळणार आहे. माफी कसली, करार आहे तो. मी बाबांना हे असंच सांगितलं तर ते म्हणाले मग करार म्हणा, माफी कशाला म्हणताय. बरोबर आहे त्यांचं.

घरात काय काय पर्याय निघाले

किचन टेबलवर बसून तीन तास चर्चा झाली, चहा दोनदा झाला.

तिचा नवरा म्हणाला फेडून टाकू. तो एच-वन वर आलेला, भारतातल्या बँकेचं एज्युकेशन लोन त्याने स्वतः ईएमआय भरून संपवलंय, कर्ज डोक्यावर असलं की त्याला झोप लागत नाही. घराच्या डाउन पेमेंटसाठी ठेवलेले पैसे होते. त्याचं म्हणणं, "हे सरकार आज एक म्हणतंय उद्या दुसरं, कोण कुठे विश्वास ठेवणार, एकदाची कटकट संपवू." भावना मला कळते, पण कागदावर मांडलं तेव्हा एका बाजूला ९४,००० आणि दुसऱ्या बाजूला अकरा हप्ते, पे च्या हिशोबाने जेमतेम ५,०००. इतका फरक असताना चिडून निर्णय घेणं परवडत नाही. तो पाच मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला ठीक आहे, पण मला लेखी दाखव.

दुसरा पर्याय, काहीच करायचं नाही. व्याज शून्य आहे, बसून राहायचं, आणि नोकरीचे १२० महिने पूर्ण झाले की बायबॅकचा अर्ज करायचा. बायबॅक म्हणजे फॉरबेअरन्समध्ये गेलेले महिने नंतर पैसे भरून विकत घ्यायचे. अर्ज करायचा, तिकडून रक्कम येते, ९० दिवसांत भरायची, ते महिने मोजणीत येतात. ऐकायला छान. पण यात अर्ज कधी बघितला जाईल हे आपल्या हातात काही नाही, आणि सगळी भिस्त एकाच खिडकीवर.

तिसरा, सेव्हमधून बाहेर पडून दुसऱ्या प्लॅनमध्ये जायचं आणि खरे हप्ते सुरू करायचे. तिच्यासाठी दोन होते. जुना आयबीआर, उत्पन्नावर आधारित अजून एक प्लॅन, ज्यात उरलेल्या उत्पन्नाचे १५ टक्के लागतात कारण तिचं कर्ज जुलै २०१४ च्या आधीचं. आणि पे, १० टक्के. गंमत म्हणजे पे मध्ये नवीन प्रवेश जुलै २०२४ ला बंद झाला होता, डिसेंबरमध्ये शिक्षण खात्याने तो परत उघडला. म्हणजे सप्टेंबरात आम्ही बसलो तेव्हा तो पर्याय टेबलवर नव्हताच, तीन महिन्यांनी आला.

याच काळात तिला एक फोन आला, "आम्ही तुमचं लोन फर्गिव्ह करून देतो, फी फक्त ८९९." आवाज एकदम सरकारी. लोन कन्सॉलिडेट करायला सांगत होते. कन्सॉलिडेशनने तिला कणभर फायदा नव्हता आणि मोजणीत नवा घोळ झाला असता. हे सगळे फॉर्म सरकारी साइटवर फुकट आहेत, पुढे बोलण्यासारखं काही नाही.

टॅक्स रिटर्नची चूक

आता खरी मेख. लग्न झाल्यापासून दोघं टॅक्स वेगळा भरत होते, मॅरीड फाइलिंग सेपरेट, कारण पे, आयबीआर, सेव्ह सगळ्यांत वेगळा रिटर्न असेल तर फक्त तिचं उत्पन्न धरतात. फक्त २०२३ चं रिटर्न, जे एप्रिल २०२४ मध्ये भरलं, ते जॉइंट भरलं. का? तर डेकेअरचं क्रेडिट जॉइंटमध्ये मिळतं, सेपरेटमध्ये मिळत नाही, आणि तेव्हा वाटलं पुढच्या सर्टिफिकेशनला (हप्ता ठरवायला उत्पन्न परत दाखवावं लागतं ते) वेळ आहे. एकूण फायदा साधारण १,२०० डॉलर.

डिसेंबर २०२४ ला पे उघडला तेव्हा शेवटचं रिटर्न हेच जॉइंट. दोघांचं मिळून उत्पन्न २,२५,०००. पे च्या फॉर्म्युल्याने हप्ता १,५५० च्या पुढे जातो आणि तो दहा वर्षांच्या स्टँडर्ड हप्त्यापेक्षा, म्हणजे तिच्या बाबतीत हजार-अकराशेच्या आसपास, जास्त झाला की पे मध्ये घेतच नाहीत. तेव्हा आयबीआरला पण तीच अट होती. दोन्ही दारं बंद.

नवरा म्हणाला मग रिटर्न अमेंड करू ना. नाही होत. सेपरेटचं जॉइंट नंतर करता येतं, जॉइंटचं सेपरेट मुदत उलटल्यावर करता येत नाही. मला माहीत होतं तरी मी परत एकदा वाचून खात्री केली, कारण त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, तो रिटर्न त्यानेच सीपीएकडून भरून घेतला होता.

म्हणजे २०२४ चं रिटर्न होईपर्यंत थांबणं आलं. या वेळी कोण चुकलं? माझ्या मते कुणीच मोठं चुकलं नाही, सीपीएने टॅक्स कमी केला, त्याचं कामच ते, त्याला लोनचं कुणी सांगितलंच नाही. टॅक्स एका माणसाकडे आणि लोन दुसऱ्याकडे, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, बहुतेक घरात हेच असतं.

काय केलं

जानेवारीच्या शेवटी दोघांचे डब्ल्यू-टू (वर्षभराच्या पगाराचे टॅक्ससाठीचे कागद) आले, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सेपरेट रिटर्न गेलं. तिचं उत्पन्न ८४,०००. आणि १८ फेब्रुवारी २०२५ ला आठव्या सर्किटचा पुढचा निकाल आला, त्यानंतर काही दिवसांत खात्याने उत्पन्नावर आधारित सगळ्या प्लॅनचे अर्जच साइटवरून काढले. सगळेच, फक्त सेव्हचे नाही. आम्ही एका आठवड्याने चुकलो. स्वातीने मला रात्री अकराला स्क्रीनशॉट पाठवला, खाली फक्त "ताई???".

आता अर्ज बंद होते त्या महिन्यात दोन गोष्टी केल्या त्या कंटाळवाण्या आहेत पण त्यांनीच वाचवलं. एक, हॉस्पिटलच्या एचआरकडून एम्प्लॉयमेंट सर्टिफिकेशनचा फॉर्म ताजा करून घेतला, सुरुवातीपासूनच्या तारखा एका ओळीत. दोन, सरकारी साइटवरची तिची सगळी पेमेंट हिस्टरी डाउनलोड करून, प्रत्येक पानाचा फोटो काढून, एक साधी एक्सेल शीट केली. महिना, प्लॅन, भरलेली रक्कम, मोजला की नाही, पुरावा कुठे आहे. सर्व्हिसर (सरकारसाठी हप्ते गोळा करणारी कंपनी) बदलला तेव्हा तिचे २०१६ चे तीन महिने मोजणीतून गायब झाले होते आणि नंतर परत आले, त्यामुळे तिला हे पटवून द्यावं लागलं नाही.

७ मार्चला अजून एक धक्का, राष्ट्राध्यक्षांचा पीएसएलएफवरच आदेश, की बेकायदा उद्देश असलेल्या संस्था यातून वगळायच्या. हॉस्पिटलमध्ये एकदम कुजबुज, आपलं हॉस्पिटल निघालं तर? मी तिला म्हटलं आदेशाने नियम लगेच बदलत नाही, नियम करायची एक प्रक्रिया असते. आणि तसंच झालं, अंतिम नियम ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी आला आणि लागू १ जुलै २०२६ पासून. तेव्हा मात्र मला आतून खात्री नव्हती, फक्त आवाज शांत ठेवला.

२६ मार्चला अर्ज परत सुरू झाले. २७ ला संध्याकाळी बाळाला झोपवून ती लॅपटॉप घेऊन बसली आणि मी फोनवर. अर्जात एक ठिकाणी विचारतात, तुमची टॅक्सची माहिती आयआरएसकडून, म्हणजे टॅक्स खात्याकडून थेट घेऊ का. बहुतेक लोक हो म्हणतात, सोपं असतं. तिने नाही म्हटलं. कारण सिस्टिममध्ये अजून २०२३ चं जॉइंट रिटर्नच दिसत असण्याची भीती होती. २०२४ च्या रिटर्नची पीडीएफ हाताने अपलोड केली. मग प्लॅन निवडायच्या पानावर "सगळ्यात कमी हप्त्याचा कुठलाही द्या" असा पर्याय होता, तोही सोडला आणि स्पष्ट पे निवडला. कुटुंबसंख्या दोन, ती आणि मुलगा, कारण सेपरेट भरलं की नवरा त्यात धरत नाहीत. शेवटचं बटण दाबायच्या आधी तिने प्रत्येक पानाचा फोटो काढला. तिचा हात थरथरत होता म्हणे, एक फोटो हललेला आहे, शीटमध्ये तोच लावलाय.

अर्ज प्रक्रियेत असताना ६० दिवसांपर्यंतचं जे प्रोसेसिंग फॉरबेअरन्स मिळतं ते पीएसएलएफमध्ये मोजलं जातं. ते आपोआप मिळालं नाही, दोन फोन आणि एक लेखी मेसेज करावा लागला. एप्रिल आणि मे मोजले गेले. १११.

मग शांतता. एप्रिलअखेर असे जवळजवळ वीस लाख अर्ज पडून होते, हे खात्यानेच कोर्टात सांगितलं. जून पण फॉरबेअरन्समध्ये गेला. पण जूनमध्ये एक गोष्ट झाली, नोकरीचे मोजता येण्याजोगे १२० महिने पूर्ण झाले. मोजलेले १११ आणि अडकलेले नऊ, ऑगस्ट ते मार्च आठ आणि जून एक. म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात बायबॅकचा अर्जही टाकला. माझं म्हणणं असं होतं की ही दुसरी रांग आहे, पहिली सोडायची नाही, ज्यात आधी नंबर लागेल तिथून बाहेर पडू. बायबॅकसाठी ४,००० डॉलर वेगळ्या सेव्हिंग खात्यात काढून ठेवले, पत्र आलं की ९० दिवसांची धावपळ नको.

चुकीचं बिल

जुलैच्या मध्यावर पत्र आलं. अर्ज मंजूर. हप्ता ६५३ डॉलर, पहिला ऑगस्टमध्ये.

आम्ही काढलेला हिशोब ४३६ चा होता. सोपं आहे, दोघांच्या कुटुंबाची २०२५ ची गरिबीरेषा २१,१५०, तिची दीडपट ३१,७२५, ती ८४,००० मधून गेली की ५२,२७५, त्याचे १० टक्के भागिले बारा. ६५३ म्हणजे तेच गणित १५ टक्क्यांनी. सर्व्हिसरने तिला पे ऐवजी आयबीआरमध्ये टाकलं होतं.

इथे खरा निर्णयाचा क्षण आला आणि घरात पुन्हा वाद. नवऱ्याचं म्हणणं, चुकीचं बिल का भरायचं, आधी दुरुस्त करा. तत्त्व म्हणून बरोबर. पण दुरुस्तीसाठी अर्ज परत उघडला की परत फॉरबेअरन्स, परत न मोजलेले महिने, आणि किती ते देव जाणे. आयबीआरचा हप्ता पण पीएसएलएफला चालतो. म्हणजे २१७ डॉलर जास्त भरून एक महिना मिळतो. शेवटी स्वातीनेच सांगितलं, "एका महिन्याची किंमत २१७, मी देते. भांडण चालू ठेवू, पण भरून."

ऑगस्टचा हप्ता ६५३ भरला. ११२. त्याच आठवड्यात शिक्षण खात्याच्या फेडरल स्टुडंट एड ऑफिसकडे तक्रार, आणि आपल्या काँग्रेसमनच्या ऑफिसात केसवर्कचा फॉर्म, प्रायव्हसी रिलीजवर सही करून, सोबत २७ मार्चच्या त्या पानाचा फोटो ज्यावर पे निवडलेलं दिसतं. हा मार्ग आपले लोक वापरत नाहीत, वाटतं आपण कशाला कुणाला त्रास द्यायचा, आपण कुठे मतदार. काँग्रेसमनच्या ऑफिसात अशी कामं बघायलाच माणसं पगारावर ठेवलेली असतात. तीन आठवड्यांत दुरुस्ती झाली, सप्टेंबरपासून ४३६.

निष्पत्ती

जानेवारी २०२६ चा हप्ता गेला. तिच्या शीटवर ११७. सरकारी ट्रॅकरवर ११४, तो नेहमी मागेच असतो. बायबॅकच्या रांगेत २०२५ च्या उन्हाळ्याअखेर सत्तर हजारांवर अर्ज होते, तिचा त्यातच कुठेतरी, अजून काही पत्र नाही. हप्त्यांच्या वाटेने एप्रिलमध्ये १२० होतात, जुलैच्या नवीन नियमाच्या आधी. एकट्या बायबॅकवर विसंबून बसली असती तर आज तिच्या हातात फक्त पोचपावती असती.

तिची एक मैत्रीण, तिच्याच बॅचची, सेव्हमध्येच थांबली. जुलै २०२४ पासून एकही महिना मोजलेला नाही, आणि १ ऑगस्ट २०२५ पासून सेव्हवाल्यांना व्याज परत सुरू झालंय, ९४,००० च्या आसपास कर्ज असेल तर महिन्याला ५०० डॉलरच्या वर. ९ डिसेंबरला खात्याने मिसूरीबरोबर समझोता जाहीर केला की सेव्ह कायमचा बंद करायचा. ती आता अर्ज भरतेय. तिला मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण तिला सर्व्हिसरनेच फोनवर सांगितलं होतं की थांबा, आम्ही कळवू.

जुलै २०२५ च्या नवीन कायद्याने बरंच बदललं, १ जुलै २०२६ पासून रॅप नावाचा नवीन प्लॅन येतोय, पे आणि सेव्ह २०२८ च्या मध्यापर्यंत संपतील, नवीन विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस मिळणार नाही. पीएसएलएफ तसाच राहिला, रॅपचे हप्ते पण त्यात चालतील. स्वातीला यातलं काही लागू पडायच्या आत ती बाहेर असेल अशी आशा. पण ज्यांचे आज चाळीस-पन्नास हप्ते झालेत त्यांनी हा परिच्छेद परत वाचा.

वेगळं काय करता आलं असतं

२०२३ ला सेव्हमध्ये जाणं मी चूक म्हणणार नाही, तेव्हा दावे नव्हते. पण एक प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही, मी पण नाही : वीसएक हप्तेच उरलेत तर महिन्याचे १२३ डॉलर वाचवायला अगदी ताज्या, कोर्टात अजून कसाला न लागलेल्या प्लॅनमध्ये जायची गरज आहे का? दहा महिन्यांत वाचले बाराशे. गेली मोजणी दहा महिन्यांची. ज्याचे शंभर हप्ते उरलेत त्याने जोखीम घ्यावी, ज्याचे वीस उरलेत त्याने जुन्या, जमलेल्या प्लॅनला धरून राहावं, असं मी आता सांगते.

जॉइंट रिटर्न ही मात्र टाळता येण्यासारखी चूक होती. तिथेही वाचले बाराशेच. त्या एका सहीमुळे डिसेंबर २०२४ ची संधी गेली, नाहीतर अर्ज फेब्रुवारीच्या बंदीच्या आधी आत गेला असता. आता दर जानेवारीत नवरा सीपीएला ईमेल पाठवतो, विषयाच्या ओळीतच मोठ्या अक्षरात, सेपरेट. या वर्षीचा पण गेलाय, २०२५ च्या रिटर्नसाठी. एप्रिलमध्ये सुटली तरी. मी म्हटलं आता कदाचित गरज नाही, तर म्हणाला असू दे.

आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२४, ते पहिले दोन महिने. हप्ता बंद झाला म्हणून आनंद झाला तेव्हाच ट्रॅकर बघायला हवा होता, हे स्वाती स्वतःच म्हणते. तेव्हा हाताशी फारसं काही नव्हतं हे खरं, पण निदान जॉइंट रिटर्नची भानगड मुदतवाढीच्या काळात लक्षात आली असती का, यावर आम्ही दोघी अजून वाद घालतो. एप्रिलमध्येच भरून झालेलं होतं, त्यामुळे माझ्या मते नाही.

माझी स्वतःची चूक पण लिहिते. मार्चमध्ये अर्ज गेल्यावर मी तिला म्हटलं होतं सहा आठवडे लागतील. साडेतीन महिने लागले. त्या सहा आठवड्यांच्या भरवशावर तिने डेकेअर बदललं, महागडं घेतलं, आणि जुलैत ६५३ चं पत्र आलं तेव्हा तो महिना ओढून ताणून काढला. अंदाज सांगताना मी आता आकडा सांगत नाही.

मागच्या रविवारी तिच्याकडे हळदीकुंकू होतं. बाबा खुर्चीत बसून फोनवर गावाकडच्या बातम्या बघत होते, मला बघून म्हणाले, "काय हो, झाला का आमच्या पोरीचा सातबारा कोरा?" फ्रिजवर एक कागद लावलाय, तीन चौकोन, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. स्वातीने वाण हातात देता देता तिकडे बोट दाखवलं आणि तिळगूळ त्यांच्या तोंडात घातला.